सगळ्या बकऱ्यांना सारखंच औषध

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, अमरावतीत वकिली करायचे. ती सोडून त्यांनी वलगावच्या शेतात खाटकासाठी बकऱ्या पाळायला घेतल्या. वकिली सुटली, वकील काही सुटला नाही. बकरी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यात शिरली तरी हे आधी तिची बाजू मांडणार.

पावसाळ्यात बकऱ्यांची पोटं सुटली. "माल भरला," म्हणत भासरे आल्यागेल्याला कौतुकानं दाखवू लागले. मग हगवण लागली आणि डॉक्टरांना बोलवावं लागलं. त्यांनी बकऱ्यांच्या पापण्या ओढून दाखवल्या, तर आतून पांढऱ्याफटक. पोटात चरबी नव्हती, जंत होते. औषध देऊन ते म्हणाले, वजन पाहून पाजा.

वजनाचं भासऱ्यांना पटेना. हातभर करडू असो की थोराड बोकड, प्रत्येकाला एकच चमचा. हा थोराड बोकड तर आईविना पोरका, जाऊबाईंनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. त्या म्हणाल्या, "याले काहून येवढंसंच?"

"कायद्यासमोर सारे सारखे," भासरे म्हणाले.

करडं उड्या मारू लागली. बोकड मात्र मान टाकून बसला, जबड्याखाली सूज आली. जाऊबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. मला तर भासऱ्यांचा असा संताप आला होता की काय सांगू! पण मोठे पडले, बोलायची सोय नव्हती.

त्या दिवशी जेवायला बसलो. जाऊबाईंनी अंगणवाडीतल्या नातीला वाढलं तेवढंच भासऱ्यांना वाढलं. चतकोर पोळी आणि वाटीच्या तळाशी वरण. ते संपवून भासरे वाट पाहत राहिले.

"अजून वाढ ना."

"काहून? सगळ्याइले सारखंच वाढून राहिली मी."

भासरे अर्धपोटी उठले. कापूस मोजायच्या काट्यावर बोकड चढवला, डॉक्टरांना फोन लावला आणि वजनाप्रमाणे औषध पाजलं. बोकड वाचला. दिवाळीपर्यंत तर असा भरला की रस्त्यानं जाणारा थांबून पाही.

मग अंजनगावचा व्यापारी आला. त्यानं पापणी ओढली. आत लालचुटूक.

"तब्येतदार हाये," तो खूश होऊन म्हणाला.

बोकड काही केल्या टेम्पोत चढेना. शेवटी जाऊबाई पुढं झाल्या, तेव्हा त्यांच्यामागं मुकाट चढला.

त्या दिवशी भासऱ्यांना त्यांनी पोटभर वाढलं. स्वतः जेवल्या नाहीत.