टाकीचं गणित

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढंसुद्धा नाही. तुमची-माझी ओळख नाही म्हणून जमतंय बघा. ओळखीच्या माणसापुढं तोंडातून निघालंच नसतं.

लातूरला एका मेसमध्ये मी पोळ्या लाटते. क्लाससाठी गावोगावची लेकरं इथं येऊन राहतात, त्यांचे डबे आम्ही भरतो. कुणाची आई फोन करून विचारते, मावशी, पोरगी नीट जेवती का? हाव म्हणते, दोन पोळ्या जास्त घालते. दुसऱ्यांच्या लेकरांची लई काळजी मला!

माझ्या दोन मुली. नवरा पुण्याला कामाला म्हणून गेला तो गेलाच, तिकडंच दुसरा संसार मांडला. तेव्हा थोरली शीतल पाचवीत, धाकटी गुड्डी दोन वर्षांची. चाकूरला माझ्या एकटीच्या मजुरीत भागेना, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघींना घेऊन इथं आले. मेसचं काम दोन टाइमाचं. शेगडीजवळ लहान लेकरू मालकीणबाईंना चालत नव्हतं, आणि एका टाइमाच्या पगारात खोलीचं भाडं दिलं की किराणा राहून जायचा. मग गुड्डीला शीतल सांभाळायची. स्वतःच एवढीशी, आणि कडेवर ही.

हे सगळं खरं आहे. पण हे सांगत मी नुसता वेळ काढत राहिले, तेही कळतंय मला.

शीतल हुशार होती. लई हुशार. चाकूरच्या शाळेतल्या मॅडमनी तिला निवासी शाळेच्या परीक्षेला बसवलं होतं. नंबर लागला की राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं, बारावीपर्यंत सगळं फुकट. अर्जावर फोन नंबर माझा होता.

फोन आला तेव्हा मी खोलीवर धुणं आवरत होते. शीतल बाहेर ओट्यावर गुड्डीला भात भरवत होती. मॅडमचा आनंद पोटात मावत नव्हता — शीतलचा नंबर लागला, आठ दिवसांत कागदपत्रं घेऊन या! आणि माझे पाय — कसं सांगू — पोरीकडं नाही वळले. मोरीकडं वळले. पडदा ओढून घेतला मी. मग हळू आवाजात म्हणाले, "ती यायची न्हाई म्हणती मॅडम. मला सोडून ऱ्हात न्हाई ती."

"तिला द्या फोन. मी समजावते."

"ती बाहेर गेलीय."

पोरगी चार पावलांवर होती हो.

नंतर शीतलला मीच सांगितलं, नंबर लागला नाही. रडली नाही ती. बोटांवर काहीतरी मोजत बसली, मग म्हणाली, "माय, ते टाकीचं गणित. दोन नळांचं. तेच चुकलं आसंल माझं."

आणि मी म्हणाले, हाव, त्यानंच गेलं आसंल.

काय गरज होती एवढं म्हणायची? ते गणित काय होतं, मला कुठं ठाऊक होतं?

गरिबीनं करायला लावलं म्हणू? म्हणायला तोंड कुठंय? ती गेली असती तर माझ्यावरचा तिचा खर्च उतरलाच असता. गुड्डीला चार पैसे देऊन शेजारच्या म्हातारीकडं ठेवता आलं असतं, एक वेळ कमी खाल्लं असतं. मला दोन्ही टाइमाचा पगार पाहिजे होता. आणि थकून खोलीवर आले की दार उघडायला कुणीतरी पाहिजे होतं. त्यासाठी मी माझीच पोरगी अडकवून ठेवली.

आता शीतल माझ्या शेजारी बसून पोळ्या लाटते. पुढं का शिकली नाहीस गं, असं कुणी विचारलं की हसते. म्हणते, "डोकंच न्हाई मावशी मला. ल्हानपणीच कळालं."

यंदा गुड्डी पाचवीत आहे. तीच परीक्षा देणार आहे. परवा दुपारी डबे गेल्यावर शीतल तिला मेसमध्येच शिकवायला बसली. पोळपाटावर कोरडं पीठ पसरलं, बोटानं टाकी काढली, दोन नळ काढले. म्हणाली, "हे नीट बघ गुड्डे. घाई करू नको. म्या ह्याच्यातच गेले." आठ वर्षं झाली, तरी कोणता नळ किती वेळात टाकी भरतो ते सगळं तिला पाठ! स्वतःचं उत्तरसुद्धा.

गुड्डीनं वहीत करून पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं.

"दीदी, बरोबर हाय की तुझं."

शीतलनं वही ओढून घेतली. बोट ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. मग म्हणाली, "मंग दुसरं कोणतं तरी चुकलं आसंल." आणि पिठातली टाकी हातानं पुसून, तो पेपर आठवत, आपली चूक शोधत बसली.

मी समोरच होते. संध्याकाळची कणीक मळत राहिले.