राखून ठेवलेली श्वेता

मंडळी, आज सकाळी मुलुंडच्या मैदानावर आमच्या बायकांच्या बेसबॉल टीमची सेमीफायनल होती. हरलो की घरी.

कॅप्टन मी. आम्ही सगळ्या गल्लीत क्रिकेट खेळत वाढलेल्या, त्यामुळे डोक्यात एकच बसलेलं, सगळ्यात भारी बॉलर शेवटच्या ओव्हरला. म्हणून आमची सगळ्यात भारी पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, श्वेता मी शेवटच्या, सातव्या इनिंगसाठी राखून ठेवली होती.

पाचव्या इनिंगलाच वाट लागली. आम्ही फक्त एका रनने पुढे आणि समोरच्यांच्या पोरी तिन्ही बेसवर उभ्या, म्हणजे एक चांगला फटका बसला की आम्ही मागे. तरी मी श्वेताला बसवूनच ठेवलं. शेवटी तीच उठून आली.

"अगं, मॅच आत्ता चाललीय. आत्ता हरलो तर शेवटी मी येऊन काय करू?"

दिला बॉल. एकही रन न देता तिने ती इनिंग संपवली, सहावीसुद्धा. मग तिचा खांदा भरून आला.

शेवटची इनिंग नवख्या तन्वीकडे गेली. ती प्रत्येक बॉलआधी थांबते, हाताची माती झटकते, श्वास घेते. एरवी मी ओरडते, "पटापट टाक गं." आज गप्प बसले. तिने तिच्या चालीने तिघींना आउट केलं आणि आम्ही जिंकलो. रविवारी फायनल आहे.

घरी येऊन पाहुण्यांसाठी ठेवलेले कप काढले आणि चहा ओतला. आई म्हणाली, "अगं, ते पाहुण्यांचे." मग खुर्ची ओढून बसत म्हणाली, "मलाही ओत त्यातच."

तुमच्या कपाटात काय पडून आहे?