तपासणीच्या आधीचा उपास

"स्वादुपिंडात खडे झालेत," लातूरचे डॉक्टर स्कॅन बघत म्हणाले. "याला क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस म्हणतात. म्हणजे स्वादुपिंड सतत सुजत राहतं आणि हळूहळू निकामी होतं."

"आणि मग?" मी विचारलं.

"मग शुगर."

मी पोटदुखीसाठी गेले होते. पण त्या एका शब्दापुढे पोटदुखीचं काही वाटेना. माझ्या बाबांना शुगर होती. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग बाबाच गेले.

मी मुदखेडजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. फळ्यावर लिहिता लिहिता पोटात कळ यायची आणि थेट पाठीत जायची. मी ॲसिडिटीची गोळी घ्यायची आणि पुढचं गणित लिहायची. जेवल्यावर अशी कळ येत असेल, तर माझ्यासारखी ती अंगावर काढू नका. शहाणपण उशिरा येतं, पण आलं की वाटावं.

औषधं झाली, दुर्बिणीतून खडे काढून झाले, कळ काही थांबेना. शेवटी आम्हाला हैदराबादला पाठवलं. तिथल्या सर्जननी सांगितलं की आता स्वादुपिंड पूर्ण काढावं लागेल. पण इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीही त्यातच असतात. त्यांना आयलेट सेल्स म्हणतात. स्वादुपिंड गेलं की त्या जातात आणि त्याच दिवसापासून मधुमेह होतो. म्हणून काढलेल्या स्वादुपिंडातून या पेशी वेगळ्या करायच्या आणि शिरेतून यकृतात सोडायच्या. तिथे रुजल्या तर तिथूनच इन्सुलिन देतात.

"पेशी तुमच्याच आहेत, त्यामुळे शरीर त्यांना हाकलणार नाही," ते म्हणाले. "पण किती तगतील, हे आज मी सांगू शकत नाही."

तेवढंच वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. ऑपरेशननंतर भूल उतरली तेव्हा जीभ जड होती, तरी मी नर्सला पहिला प्रश्न विचारला, "शुगर किती?"

मग विश्रांतीसाठी लातूरला आईकडे आले. रोज इन्सुलिन घ्यावं लागायचं. पेशी नव्या जागी रुजेपर्यंत त्यांच्यावर भार नको, म्हणून सगळ्यांनाच देतात. पण प्रत्येक सुई टोचताना वाटायचं, मेल्या असतील, डॉक्टर सांगत नसतील. आई म्हणायची, "नवं रोप हाय बाई, सावली धरावीच लागती." आमचे हे रेल्वेत आहेत. मुदखेडहून रोज फोन करायचे आणि 'कशी आहेस' ऐवजी 'किती आली' म्हणायचे. मी चिडायची. आकडा मात्र सांगायची.

तीन महिन्यांनी नांदेडला सी-पेप्टाइडची तपासणी ठरली. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा त्याच्याबरोबर हा एक तुकडा तयार होतो. टोचलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. म्हणजे पेशी जिवंत आहेत की नाहीत, ते यावरून कळतं. आकडा आला तर इन्सुलिन कमी करत जायचं. नाही आला तर बाबांची वाट.

आईने तयारी सुरू केली. आमच्याकडे शुगर तपासायची ठरली की आधी खाणं बंद होतं. आमच्याच घरी नाही, सगळ्या गल्लीत हीच रीत. शिवाय आई दर पौर्णिमेला अष्टशील धरते, म्हणजे बुद्धाने सांगितलेले आठ नियम पाळते, दुपारी बारानंतर अन्नाला शिवत नाही. तिला उपासाचं काय कौतुक! तिने माझी भाकरी बंद केली, भात बंद केला. दुधीचं पातळ सार आणि ताक. "एकदा रिपोर्ट चांगला येऊ दे, मग खा पोटभर." मीही निमूट ऐकलं, इतकी घाबरले होते.

तपासणीच्या दिवशी उपाशीपोटीची साखर इतकी छान आली, की आईने माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग एक गोड पेय प्यायला दिलं आणि थोड्या थोड्या वेळाने रक्त घेत राहिले. मुदखेडहून हेही आले होते, आम्ही तिघं बाकावर बसून होतो.

डॉक्टरांनी आत बोलावलं. पेय प्यायल्यावर साखर चढत गेली होती आणि सी-पेप्टाइड जेमतेम हललं होतं.

"पेशी फारशा काम करताना दिसत नाहीत," ते म्हणाले.

मला बाबांचं पट्टी बांधलेलं पाऊल दिसायला लागलं. ह्यांनी माझा दंड घट्ट धरला.

डॉक्टरांनी कागद पुन्हा पाहिले. "या आठवड्यात जेवण कसं होतं?"

आई अभिमानाने म्हणाली, "साहेब, पाच दिस भाकरीचा तुकडा दिला न्हाई तिला."

डॉक्टर रागावले नाहीत. "आजी, भाकरी-भात बंद केला की या पेशी सुस्तावतात. मग एकदम गोड दिलं तर त्यांना झेपत नाही. शिवाय रोजचं जेवण बंद करून तपासलं, तर रोजचं खरं मला कसं दिसणार? पंधरा दिवस नीट जेवू घाला, पुन्हा बघू. तेव्हाही आकडा आला नाही, तर मात्र मला हेच सांगावं लागेल."

लातूरच्या गाडीत आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, "तुज्या बाबाला बी मी असंच करत व्हते. तपासायच्या आधी चार दिस उपाशी. डॉक्टर म्हणायचे, झकास हाय, हीच गोळी चालू ठेवा."

"तुला काय माहीत होतं, आई?"

"न्हाई ना माहीत," ती म्हणाली. "म्हणून तर."

मी तिचा हात धरून ठेवला. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवसापासून ताटात ज्वारीची भाकरी, वरण, भात. जेवल्यावर साखर वाढायची आणि पुढच्या वेळी मी ताट बाजूला सारायला बघायची. आकडा आईही बघायची, पण भाकरी वाढायची. "घे," म्हणायची, "खरं काय हाय ते दिसू दे."

पंधरा दिवसांनी पुन्हा तेच पेय, तोच बाक. या वेळी डॉक्टरांनी कागद वाचून थेट आईकडे पाहिलं. "आहेत आजी. थोड्या आहेत, पण काम करताहेत."

"म्हंजे जगल्या?"

"हाव, जगल्या."

आई तिथेच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मला वाटतं, ती फक्त माझ्यासाठी रडत नव्हती.

मी आता शाळेत जाते. जेवणाबरोबर पचनाच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात, त्या जन्मभर. इन्सुलिन सुटलं नाही, पण दिवसाला एक छोटा डोस पुरतो. साखर अजूनही भीत भीतच बघते. ज्यांनी माझ्या पेशी जपून यकृतात नेऊन ठेवल्या, त्यांचे आभार कसे मानावेत कळत नाही. तुमच्यापैकी कुणाची तपासणी असेल, तर डॉक्टर सांगतील तेवढा वेळच उपाशी राहा. एरवी रोजच्यासारखं जेवून जा.

परवा लातूरला गेले होते. शेजारच्या काकांची दुसऱ्या दिवशी सकाळी शुगर तपासायची होती. संध्याकाळी आई झाकलेली ताटली घेऊन निघाली. मी विचारलं, कुठे?

"त्याच्या घरी," ती म्हणाली. "दोन दिस झाले जेवला न्हाई म्हणं."

खिडकीतून पाहिलं, तर काका ओसरीवर मान खाली घालून भाकरी खात होते आणि आई समोर उभी होती. ताटली रिकामी होईपर्यंत ती हलली नाही.