गळ्याला हात लावून

मोठे डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो माझ्या घशाबद्दल. आत माझा सतरा वर्षांचा मुलगा कठडे लावलेल्या खाटेवर पडलेला, आणि हे म्हातारे बंगाली डॉक्टर मला हिंदीत विचारत होते, "माँ, आपका गला कैसा है अभी?"

मी म्हटलं, बरा आहे, गळू झालं होतं, ते फोडलं. त्यांनी खिशातली बॅटरी काढून व्हरांड्यात सगळ्यांसमोर माझा घसा खरोखरच पाहिला. मग म्हणाले, "ठीक है. लड़के को बोल देता हूँ, माँ नहीं मरेगी."

नंतर ते आमच्या ह्यांच्याकडे वळले आणि त्यांनी इंग्रजीत निदान सांगितलं. विथड्रॉअल सीझर्स. म्हणजे शरीराला गुंगीच्या औषधाची सवय लागलेली असते, ते एकदम बंद केलं की मेंदू बिथरतो आणि फिट्स येतात. मेंदूज्वर नाही, अपस्मार नाही. औषधाचं नाव मेथाक्वालोन. साधी झोपेची गोळी. आमचा विलास ती दहा महिने घेत होता, आणि झोपण्यासाठी नव्हे. गोळी घ्यायची आणि झोप थोपवून धरायची, मग डोकं हलकं होतं म्हणे.

ज्यांच्या घरात सोळा-सतरा वर्षांचं मूल आहे त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. आमच्या घरात असलं काही नाही, अशी ज्यांची खात्री आहे त्यांनी तर जरूर वाचावं. आमचीही होती.

आमचे हे रेल्वेत नोकरीला. नागपूरहून बदली होऊन आम्ही गार्डन रीचच्या क्वार्टर्समध्ये आलो त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. कलकत्त्यातले ते दिवस वाईट होते. भिंती नक्षलवाद्यांच्या घोषणांनी भरलेल्या, मधूनच बॉम्बचा आवाज, कोणाचा तरी मुलगा पोलिसांनी उचललेला. आमचा मुलगा त्या वाटेला जात नाही, रविवारी दुपारी मित्रांबरोबर पार्क स्ट्रीटला जॅम सेशनला जातो, म्हणजे बँड ऐकतो आणि नाचतो, याचं आम्हाला केवढं सुख. मी त्याचे बेलबॉटम स्वतः इस्त्री करून देत असे.

एका रविवारी तो संध्याकाळी परत आला, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "आई, आज मी अर्धी बाटली बिअर प्यायलो. आणि एक गोळी घेतली. सगळे घेत होते. बाबांना सांगू नकोस."

मी विचारलं नव्हतं. वासही आला नव्हता. तो आपण होऊन सांगायला आला होता. मी उरलेल्या पोळ्या लाटल्या आणि ह्यांना जाऊन सांगितलं.

ह्यांनी हात उगारला नाही. आमच्या घरात मारत नाहीत, शपथ घालतात. ह्यांच्या वडिलांनी ह्यांना घातल्या होत्या आणि हे त्या अभिमानाने सांगतात. विलासला देवांसमोर उभं केलं, मला पुढ्यात बसवलं, आणि त्याचा हात धरून माझ्या गळ्यावर ठेवला. "म्हण, आईच्या गळ्याची शपथ, पुन्हा असल्या कशाला शिवणार नाही." पोराची बोटं गार पडली होती. तो म्हणाला. हे मग पेपर घेऊन आरामखुर्चीत बसले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

पंधरा दिवसांत ती शपथ मोडली, हे मला पुढे कळलं. मोडली आणि मग तो सांगणार कोणाला? मला सांगायचं म्हणजे, आई, मी तुझा जीव पणाला लावून गोळी घेतली, असं सांगायचं. त्याने ओट्याशी येणंच बंद केलं. विचारलं तर हसून "काही नाही ग" म्हणायचा. मार्क घसरले, तर आम्ही शिकवणी लावली.

पुढच्या जुलैत माझा घसा धरला. आधी दुखलं, मग ताप, मग तोंड उघडेना. क्विन्सी, म्हणजे टॉन्सिलच्या बाजूला पू होतो. दोन दिवस शब्द फुटत नव्हता, पाणी गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. विलास माझ्या उशाशी बसून होता. कॉलेजला गेला नाही, गुळण्यांसाठी मिठाचं पाणी करून आणायचा, सारखा माझ्या गळ्याकडे बघायचा. मी त्या तापातही खूष. मला वाटलं, पोरगं जबाबदार झालं.

पोरगं घाबरलं होतं. त्याने जवळच्या सगळ्या गोळ्या नेऊन गंगेत टाकल्या होत्या. एका दिवसात, कोणाला न विचारता, दहा महिन्यांची सवय. आईचा गळा वाचावा म्हणून.

तिसऱ्या दिवशी माझं गळू फोडलं आणि मी बोलायला लागले. त्याच दिवशी त्याचे हात कापायला लागले. घाम, झोप नाही, भिंतीवर काहीतरी सरपटतंय म्हणायचा. माझाच ताप त्याला लागला असं धरून मी त्याला काढा दिला. चौथ्या दिवशी सकाळी न्हाणीघराच्या दारात तो कोसळला आणि ताठ झाला.

हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टरांनी पहिल्या पाच मिनिटांत नेमका प्रश्न विचारला. हा काही घेतो का? गोळ्या, नशा? विलास शुद्धीवर आला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नाही. हे म्हणाले, "आमच्या घरात असलं काही नाही." ओट्याजवळची ती एक गोळी मला आठवत होती. चांगली आठवत होती. पण ह्यांच्या शब्दाच्या पुढे आणि चार माणसांत कसं बोलायचं?

म्हणून त्याच्या कण्यात सुई घातली. लंबर पंक्चर, म्हणजे पाठीच्या मणक्यातून पाणी काढून मेंदूज्वर आहे का ते बघतात. पाणी स्वच्छ निघालं. दुपारी दुसरी फिट आली, त्यात जीभ चावली गेली. आम्ही बाकावर बसून होतो. मी रामरक्षा म्हणत होते. खरं बोलले असते तर रामरक्षेची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले आणि त्यांनी आम्हा दोघांना सरळ बाहेर घालवलं. हे रागावले. वीस मिनिटं दार बंद होतं. आत ते विलासशी बंगालीत बोलले, आणि जे त्याला माझ्यासमोर मराठीत सांगता येत नव्हतं ते त्याने सगळं सांगितलं. वर त्यांना विनवलं, आईला कळू देऊ नका, ती मरेल. त्या गृहस्थांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. उपचार त्यांनी नंतर केले. आधी आम्हाला बाजूला केलं.

उपचार म्हणजे त्याच जातीचं दुसरं औषध, फेनोबार्बिटोन, द्यायचं आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडं कमी करायचं. तीन आठवडे लागले. एकदम बंद करू नका, हे डॉक्टरांनी मला चारदा बजावलं.

सातव्या दिवशी आमच्या मराठी मंडळातल्या जोगळेकर वहिनी डमडमहून डबा घेऊन आल्या. ह्यांनी त्यांना सांगितलं, मेंदूज्वर होता, वेळेवर निदान झालं. मीही मान डोलावली. विलास डोळे मिटून पडला होता. वहिनी गेल्यावर बघते तर तो छताकडे बघत हसत होता. तसं हसू मी त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

मग तो म्हणाला, "बाबा, सुटली म्हणा."

लहानपणी मुलं एकमेकांना शपथ घालतात आणि "सुटली म्हण" म्हणून सोडवून घेतात, तसं. हे पेपरची घडी घालत म्हणाले, "आधी बरा हो," आणि नर्सशी बोलायला निघून गेले.

मी घाईने म्हटलं, "सुटली रे बाळा. सुटली, सुटली."

"तू घातली नव्हतीस, आई," तो म्हणाला.

हे आजतागायत म्हणालेले नाहीत. शपथ सोडली तर पोरगं पुन्हा मोकाट सुटेल असं त्यांना वाटतं. मंडळात आमचा मुलगा मेंदूज्वरातून उठलेला म्हणून ओळखला जातो.

आईबापांना सगळं खरं सांगा, असं मी मुलांना सांगणार नाही. मला तो अधिकार उरलेला नाही. डॉक्टरांना मात्र सगळं सांगा, आईबाप समोर असतील तर त्यांना बाहेर काढायला लावून सांगा. आणि आयांनो, मूल ओट्याशी येऊन काही बोललं, तर पोळ्या करत राहा आणि ऐकून घ्या. उठून कोणाला सांगायला जाऊ नका.

विलास आता वीस वर्षांचा आहे. परवा उशिरा आला, दारातच म्हणाला, "दोन बिअर. गोळी नाही." मी पान वाढलं. खरं होतं की नाही, मला माहीत नाही. आता ते कळण्याचा काही मार्ग मी ठेवलेला नाही.

पण साधा ठसका लागला तरी तो जिथे असेल तिथून उठून येतो आणि माझ्या गळ्याकडे बघत उभा राहतो. म्हणून हल्ली खोकला आला की मी मागच्या अंगणात जाते, आणि तोंडात पदर कोंबून खोकते.