लव्हेंडरच्या वाफ्यातली कण्हेर

मागच्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं... आज लिहितेय.

आम्ही पालेगावात नवीन कॉम्प्लेक्समध्ये तळमजल्यावर राहतो. मागे छोटा पॅटिओ आहे, भिंतीलगत बिल्डरने बांधून दिलेले वाफे. दुपारी तिथे असं ऊन तापतं की तुळससुद्धा मान टाकते.

मला मात्र लव्हेंडरच हवं होतं. बदलापूरच्या नर्सरीवाल्या काकांनी सांगितलं, "मॅडम, मातीत वाळू घाला, पाणी कमी द्या. शेजारी पण कमी पाण्याचीच झाडं लावा, नाहीतर त्यांना पाणी घालता घालता हे कुजेल."

म्हणून सोबत रोझमेरी घेतली, पुढच्या कडेला ऑफिस टाइमची छोटी फुलझाडं. वाफा भरगच्च दिसावा म्हणून मधे एक बुटकं झाड... चिठ्ठीवर 'ड्वार्फ ओलिअँडर'. "कण्हेरच हो, छोटी जात," काका म्हणाले. "उन्हाला एकदम दणकट. गुरंपण तोंड लावत नाहीत." मला तर तो प्लस पॉइंट वाटला!

आई-बाबा तेव्हा आमच्याकडे राहायला आले होते. बाबा हार्ट पेशंट, त्यामुळे घरातलं सगळं त्यांच्याभोवती फिरतं... भाजीतलं मीठ, टीव्हीचा आवाज, सगळं. आईला मोतीबिंदू आहे, पण ऑपरेशनचा विषय काढला की, "ह्यांचं जरा ठीक होऊ दे, मग बघू."

बाबांना झोप लागत नव्हती. लव्हेंडरचा चहा घेतला की शांत झोप लागते म्हणतात, असं मी जेवताना सहज बोलून गेले. बोलले आणि विसरले पण...

त्या रविवारी संध्याकाळी भाजी घेऊन घरी आले तर बाबा पॅटिओत कप घेऊन बसलेले. "तुझ्या आईने काय कडू जहर केलंय बघ!" मीही हसले.

पिशवी ठेवायला किचनमध्ये गेले. ओट्यावर पातेलं होतं, तळाशी उकळलेली पानं. बारीक, राखाडी, लव्हेंडरची... आणि त्यांच्यात काही जाड, लांब, मधोमध सरळ शीर असलेली.

मी धावत वाफ्याकडे गेले. कण्हेरीचा शेंडा खुडलेला होता. तुटल्या जागी चीक अजून ओला.

गुरं तोंड का लावत नाहीत, ते तेव्हा डोक्यात शिरलं. बाबांच्या हातातला कप अक्षरशः हिसकावला. "किती प्यायलात?" ते बावरले. "अगं, दोन घोट... आवडला नाही मला."

आई दारात आली. "काय झालं? तुझीच झाडं ना ती? फुलं नव्हती कशालाच, मला सगळी सारखीच दिसली गं..."

नवरा ड्युटीवर. शेजारच्या भाभींचं दार वाजवलं, त्या मूळच्या उल्हासनगर कॅम्प पाचच्या. माझा चेहरा बघून त्यांनी चप्पलसुद्धा घातली नाही. "रो मत, गाडी निकालती हूं. अंकल को बिठा."

पातेल्यातली पानं डब्यात भरली आणि निघालो. अंबरनाथ पूर्वेच्या हॉस्पिटलला पोहोचेपर्यंत मी बाबांचं मनगट सोडलं नाही. नाडी मोजता येत नव्हती, आकडे डोक्यात टिकतच नव्हते... मागच्या सीटवर आई गप्प होती. मला वाटलं, घाबरलीय.

हॉस्पिटलमध्ये बाबांना लगेच आत घेतलं, वायरी लावल्या. ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होती. तिने डब्यातली पानं बघितली आणि तिचा चेहरा गंभीर झाला. "कण्हेर सरळ हार्टवर जाते," ती म्हणाली.

ईसीजीचा कागद बघून ती थोडी सैल झाली. "आत्ता तरी नॉर्मल आहे. पण इथेच ठेवू." मग जाता जाता थांबली आणि विचारलं, "चहा केला कोणी?"

"आईने."

"त्यांनी घेतला का?"

मी मागे वळून बघितलं. आई बाहेर बाकावर बसली होती, पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून. भाभी तिची पाठ चोळत होत्या. "इनको उल्टी हो रही है," त्या म्हणाल्या.

मी जवळ गेले. "आई... तू प्यायलीस?"

"पूर्ण कप," ती हळूच म्हणाली. "ह्यांना द्यायचा म्हणून आधी मी घेऊन बघितला. मला तेव्हा काही झालं नाही, मग दिला." आणि वर म्हणते, "तू ह्यांच्याकडे बघ. मी ठीक आहे."

ती ठीक नव्हती. तिचे ठोके इतके हळू पडत होते की डॉक्टरने स्वतः स्ट्रेचर ओढलं. इंजेक्शनं, मॉनिटर, आयसीयूचं दार बंद... त्या दारासमोर मला जी भीती वाटली ती आयुष्यात कधी वाटली नव्हती. बाबा शेजारच्या वॉर्डमधून सारखे विचारत होते, "ती कुठाय? ती का येत नाही?" आणि मला खोटं बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठोके सुधारले. आत सोडलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न, "ह्यांनी काही खाल्लं का?" मी तिथेच रडायला लागले.

आता दोघंही घरी आहेत. कण्हेर मी मुळासकट काढली. कोणाच्या घरी लहान मुलं, वयस्कर माणसं, कुत्रं-मांजर असेल, तर वाफ्यात काय लावताय ते नीट विचारून घ्या... आणि माहीत नसलेलं पान चहात टाकू नका, एवढंच सांगते. आईच्या मोतीबिंदूची तारीख घेतलीय, या वेळी तिला न विचारता.

त्या डॉक्टरचं नाव विचारायचं राहून गेलं. आम्ही सगळे बाबांकडे बघत होतो... तिने माझ्या आईबद्दल विचारलं. ताई, तुमचे उपकार कसे फेडू?