सहाशे अकरा कार्डांची हाणामारी

आमची आत्या बोलते ते ऐकायला कान तिच्या तोंडाजवळ न्यावा लागतो. प्रबंधासाठी सहा वर्षांत वाचलेलं प्रत्येक पुस्तक तिने एकेका कार्डावर उतरवलंय: लेखक, साल, पान. सहाशे अकरा कार्डं पत्र्याच्या पेटीत, आडनावांच्या क्रमाने. पेटीला हात लावला तर माझ्या बाबांचीही, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाचीही, गय नाही.

शुक्रवारी प्रबंध द्यायचा होता. सोमवारी विभागाच्या वाचनालयात तिने पैलवानाचा प्रबंध चाळला. पैलवान म्हणजे तिच्याच मार्गदर्शक सरांचा दुसरा विद्यार्थी. महिन्यापूर्वी "जरा बघतो" म्हणून, आत्याचं "नको" ऐकू येण्याआधीच, पेटी घेऊन गेला होता आणि दोन दिवसांनी परत आणली होती. शेवटची संदर्भांची यादी ओळन् ओळ तिचीच!

पेटी घेऊन ती त्याच्या टेबलाशी गेली. "ही माझी यादी आहे."

"पुस्तकं काय तुमच्या बापाची आहेत, ताई? आणि सरांना मी कधीच सांगितलंय, तुम्हीच माझी उतरवलीत म्हणून."

म्हणजे सहा वर्षं पाण्यात. वर चोर कोण, तर आत्या!

त्याने पेटीकडे हात नेला आणि आत्याने त्याचं मनगट कडकडून चावलं. त्याने तिला ढकललं. लोखंडी कपाटावर तिचं तोंड आपटलं, धाण्! नाकातून रक्ताची धार. तिने जाडजूड शब्दकोश उचलून त्याच्या कानशिलात हाणला, पाठोपाठ स्टेपलर. त्याची भुवई फुटली. पेटी उलटली, कार्डं गोळा करायला ती वाकली, तशी त्याने बरगडीत लाथ घातली.

ग्रंथपाल बाई कुजबुजत किंचाळल्या, "शांतता! अहो, रक्त पुस्तकांवर नको!"

सर आले. "हंऽ. पीएचडी करताय की, हंऽ, खाटीकखाना चालवताय? यादी कोणाची?"

"माझी!" दोघंही.

आत्याने फरशीवरून एक कार्ड उचललं.

"सर, हे पुस्तक काढा. पान दोनशे चौदा."

सरांनी काढलं. पुस्तक एकशे शहाण्णवलाच संपत होतं.

"झेरॉक्समध्ये पानाचा आकडा कापला गेला होता. मी अंदाजाने ठोकला. नंतर बघू म्हटलं, राहून गेलं. आता त्याची यादी बघा."

तिथेही दोनशे चौदाच.

"टायपिंग मिस्टेक, सर," पैलवान भुवई दाबत म्हणाला.

"दोघांची एकच? हंऽ. चला, चौकशी समितीपुढे." मग आत्याकडे वळून, "असे अंदाज अजून किती ठोकलेत?"

आठवत नाही म्हणत आत्या फरशीवरची कार्डं उलटून बघू लागली.

"मग शुक्रवार विसरा. सगळी कार्डं पुन्हा. पुस्तक हातात घेऊन."

आत्याची बरगडी तडकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा घरात फेऱ्या मारत ओरडत होते, "हात तोडतो त्याचा! पोलिसांत चल आधी!"

"दादा, संध्याकाळी जाऊ. वाचनालय पाचला बंद होतं."

शुक्रवारी ती वाचनालयातच होती, नाकाला पट्टी, छातीला पट्टा. डॉक्टरांनी वाकायचं नाही, हात वर करायचा नाही, असं बजावलंय. म्हणून आडनावांचा क्रम सोडून तिने कपाटांच्या मधल्या फळीवरच्या पुस्तकांपासून सुरुवात केली.