चौघींचे जांभळे फोटो

येवल्याहून पैठण्या आणायच्या आणि नाशकात ओळखीच्या घरी जाऊन विकायच्या, हा माझा तेव्हाचा उद्योग. गाठोडं घेऊन जिने चढायचा कंटाळा आला, म्हणून कॅमेऱ्याचा मोबाइल घेतला. फोटो दाखवायचे आणि पसंत पडेल तेवढीच साडी न्यायची, असा बेत.

काही महिने छान गेले. मग फोटोंवर जांभळी झाक यायला लागली. पंचवटीतल्या एका बाईंनी लेकीच्या साखरपुड्यासाठी फोटो बघून वांगी रंगाची साडी पसंत केली, आणि मी घेऊन गेले ती राणी रंगाची निघाली.

"अहो, ही कुठली?"

"हीच ती," मी म्हणाले. त्यांनी एकदा फोनकडे बघितलं, एकदा साडीकडे, मग माझ्याकडे. साडी काही घेतली नाही.

फोन वॉरंटीत होता. कॉलेज रोडच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दिला, तर तसाच परत आला. तिथले मॅनेजर तरुण होते, बोलायला अगदी गोड. म्हणाले, "मॅडम, यात पाणी गेलंय. वॉरंटी मिळणार नाही."

"पाणी? मी याला ओल्या हाताने शिवतसुद्धा नाही."

त्यांनी बॅटरी काढून आत चिकटवलेला कागदाचा ठिपका दाखवला. "हा पांढरा असतो. पाणी लागलं की लाल होतो. बघा, लाल झालाय."

माझं पोट रंगांवर चालायचं. "हा लाल नाही हो, फिकट गुलाबी आहे."

"पांढरा नाही म्हणजे लालच धरतात, मॅडम."

असं माझ्या धंद्यात कुणी म्हटलं असतं तर त्याला येवल्यात कुणी उभं केलं नसतं. मी तणतणत घरी आले.

त्या आठवड्यात आमची भिशी होती. तिथे मी तावातावाने हे सांगत होते, तेवढ्यात शेजारची म्हणाली, "अगं, माझेही फोटो जांभळेच येतात. मला वाटलं मलाच काढता येत नाहीत." दिवाळीत माझा फोन बघून आणखी तिघींनी तोच घेतला होता. शेजारीण, तिची जाऊ आणि मखमलाबादला गुलाब-शेवंतीची शेती करणाऱ्या काकू. तिघींची एकच तऱ्हा. सोमवारी आम्ही चौघी सर्व्हिस सेंटरमध्ये हजर झालो.

मी काउंटरवर लालभडक पैठणी पसरली. चौघींनी तिचा फोटो काढला आणि फोन ओळीने मांडले. चार जांभळ्या पैठण्या.

"चौघींच्याही फोनमध्ये पाणी गेलं का हो?" मी विचारलं. बाकांवर बसलेली माणसं हसली. मॅनेजर चुळबुळले. आता हे मानणार, असं वाटत असतानाच काकू पुढे झाल्या.

"माझा मातर पडलाय हं पाण्यात. फुलांच्या टपात."

"काकू!" मी कळवळले.

"खोटं कशाला बोलू ताई? चांगला बुडाला व्हता."

मॅनेजरांचा चेहरा खुलला. "बघा! मी काय म्हणत होतो?" त्यांनी उत्साहाने काकूंचा फोन उघडला. आतला ठिपका कुंकवासारखा लाल. पटवून द्यायला म्हणून त्यांनी माझाही फोन उघडून शेजारी ठेवला. मग उरलेले दोन्ही उघडले. माझा ठिपका पुसट गुलाबी, त्या दोघींचे जवळजवळ पांढरे. काकूंचा एकटाच लाल.

बाकावरचे एक आजोबा उठून वाकून बघून गेले आणि म्हणाले, "लाल म्हणतात तो हा, साहेब."

मॅनेजर आत जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलले. बाहेर आले ते जरा ओशाळं हसत. "तुमचे तीन ठेवून जा. कॅमेरे बदलून मिळतील."

"आणि काकूंचा?"

"मॅडम, तो खरंच..."

"नाय नाय, बराबर हाय त्यांचं," काकूच म्हणाल्या. "बोलायला येतंय ना त्यावर? बास."

रिक्षात चौघी कशाबशा मावलो. "काकू, जरा दम धरायचा होता," मी म्हणाले. त्यांनी पदर तोंडाला लावला. "धरला व्हता गं. पण तो भला माणूस सारखा माझ्याकडंच बघत व्हता. मला राहवलंच नाय." शेजारीण इतकी हसली की रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं.

फोन दुरुस्त होऊन आले. पुढे काकूंच्या धाकट्या लेकीचं लग्न निघालं, तेव्हा मी आपणहून फोटो काढायला गेले. हळद पिवळीधमक आली, नवरीचा शालू जसाच्या तसा हिरवा. मांडवात काकूंनी माझा फोन हातातून सोडला नाही. येईल त्या पाहुण्यापुढे धरून सांगत होत्या, "बघा, रंग बघा कसा आलाय."